हलायचं नाही

“सिस्टर, कपाटातला मास्क काढा. लवकर,” यशवंत धाडवे दारातूनच म्हणाला.

त्याचे डोळे लालभडक झाले होते आणि शर्टाच्या बाह्यांवर पिवळे डाग पडले होते. बाहेर भोंगा वाजत होता. रेजिना सिस्टरनी त्याला आत ओढलं, दार लावलं आणि फटींमध्ये ओल्या टॉवेलच्या घड्या कोंबल्या. मग त्याला बेसिनपाशी उभं करून डोळ्यांवर पाण्याचे हबके मारायला लावले. तो एकदोनदा खोकला, थुंकला, तोंड पुसलं आणि पुन्हा तेच म्हणाला, “मास्क द्या ना. घरी जायचंय मला.”

मी खिडकीशी उभी होते. दोन शेडच्या मधल्या बोळातून काकवीच्या रंगाचा धूर येत होता. वर चढत नव्हता. जमिनीला धरून, उताराच्या दिशेनं सरकत होता.

त्या कारखान्याच्या दवाखान्यात मी अधूनमधून जायची. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. विषारी वायूनं फुफ्फुसं भाजली की हृदयाचं काय होतं, ते कशावर तग धरतं, हा माझा संशोधनाचा विषय होता. प्रयोगशाळेत उंदीर होते, आणि इथे खाडीकाठी माणसं होती, वर्षानुवर्षं थोडाथोडा धूर नाकात गेलेली. मी त्यांच्या हृदयाचे आलेख काढून न्यायची. त्या दिवशी सकाळी तेवढ्याचसाठी आले होते. यशवंत मला ओळखत होता, कारण मागच्या खेपेला त्याचाही आलेख काढला होता.

फोन वाजला. पाळीचे इन्चार्ज कामेरकर ओरडून बोलत होते. नायट्रिक ॲसिडच्या टाकीत काहीतरी भलतंच मिसळलं होतं आणि टाकी धुमसत होती. माणसं पुढच्या गेटनं बाहेर काढली होती. तालुक्याहून बंब निघाला होता. “तुम्ही मागच्या टोकाला आहात. मध्ये सगळा धूर आहे. कोणाला पाठवता येणार नाही. दार उघडू नका,” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यात नुसती खरखर येत राहिली.

“टाकीपाशी होतात तुम्ही?” मी यशवंतला विचारलं.

“मोरे पडला होता तिथं. त्याला ओढून गेटपर्यंत नेला, गाडीत घातला. मग मागं वळलो.”

“मागं? धुरातून?”

“घर मागं हाय ना मॅडम.” त्यानं हातानं दाखवलं. मागच्या फाटकाच्या पलीकडे उतरण होती आणि उतरणीच्या तळाशी पाखाडी. पाचपन्नास कौलारू घरं. “बाकीचे पळतील. माजे बाबा अंथरुणाला खिळलेत. डावी बाजू गेलीय. बायको माजी, सुगंधा, एकटी, तिला काय ते उचलणार नायत. धूर तिकडंच चाललाय, बघितलंत ना?”

सिस्टरनी कपाट उघडलं होतं. मास्क एकच होता. त्यांनी तो हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“देऊ नका,” मी म्हणाले.

यशवंतनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या थोबाडीत मारली होती. “का?”

“तुम्ही आधी बसा.”

“मला काय झालंय? बरा हाय मी. डोळे चुरचुरतात, बस.”

“पाच मिनिटं बसा. मग मी अडवणार नाही.”

तो पलंगाच्या कडेवर टेकला. मी त्याच्या पाठीला स्टेथोस्कोपची नळी लावली. वरच्या बाजूला श्वास स्वच्छ होता. खाली, बरगड्या संपतात तिथे, मला जे ऐकू येईल अशी भीती होती तेच आलं. मी पुन्हा ऐकलं. मग कानातून नळी काढून त्याच्या कानात घातली.

“आधी माझं ऐका,” मी म्हणाले. सिस्टरनी नळीचं तोंड माझ्या पाठीला लावलं. मी खोल श्वास घेतला. “काय ऐकू येतं?”

“वारा.”

“आता तुमचं.”

सिस्टरनी नळी त्याच्या पाठीला लावली. त्यानं श्वास घेतला. त्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं आणखी एकदा श्वास घेतला.

“तडतडतंय,” तो म्हणाला. “तव्यावर मीठ टाकल्यागत.”

“पाणी आहे ते. या धुराचं असंच आहे यशवंतराव. आत जाताना फारसा त्रास देत नाही. माणूस खोकतो, थुंकतो, म्हणतो बरा आहे. आत मात्र फुफ्फुसं भाजलेली असतात. हळूहळू पाणी पाझरतं. संध्याकाळपर्यंत भरतात.”

“संध्याकाळला वेळ हाय. तवर जाऊन येतो.”

“नाही. ऐका. तुमचं हृदय एरवी चरबी जाळून चालतं. त्याला प्राणवायू भरपूर लागतो. फुफ्फुसात पाणी आलं की तो पुरत नाही. मग ते साखरेवर चालवून बघतं. पडून राहिलात तर तेवढ्यावर निभावेल. पण तुम्ही उतारावरून धावलात, बाबांना उचललंत, चढावर आणलंत, तर नाही निभावणार. मी हे पाहिलंय.”

“कुठं पाहिलंत?”

मला खरं सांगावं लागलं. “उंदरांमध्ये. हाच वायू दिला होता. ज्यांच्या पिंजऱ्यात फिरायचं चाक होतं ते चाकावरच मेले. ज्यांना हलायला जागा नव्हती, त्यांच्यातले बरेच जगले.”

“बरेच,” तो म्हणाला.

“हो.”

“सगळे नाय.”

“सगळे नाही.”

तो उठून उभा राहिला. सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःला दमा, पण हलल्या नाहीत. “यशवंत, धक्का मारणार मला?” त्या म्हणाल्या. तो खरंच मारेल असं मला क्षणभर वाटलं. त्याला बांधून ठेवावं हेही माझ्या मनात आलं. बँडेजचे रोल समोरच होते. पण बांधला असता तर तो धडपडला असता, आणि धडपडणं म्हणजे धावणंच. त्याला थांबवायची एकच वाट होती, ती म्हणजे त्यानं आपणहून आडवं होणं.

खिडकीच्या काचेला आता खालपर्यंत तपकिरी झाक आली होती.

“तुम्ही जा,” तो मला म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

“तुम्ही जा मॅडम. मास्क घाला. सुगंधा आणि तुम्ही मिळून बाबांना उचला आणि सड्यावर, वरच्या कातळमाळावर न्या. घराच्या मागून पायवाट हाय. धूर वर चढत नाय, तुम्हीच बघताय. तुम्ही गेलात तर मी इथं पडून राहीन. बोटसुद्धा हलवणार नाय. नाय गेलात तर मी चाललो. तुमच्या दोघींच्यानं मी अडणार नाय.”

सिस्टर लगेच म्हणाल्या, “मी जाते.”

“तुम्ही दम्याच्या, सिस्टर. मास्क लावून तर श्वासच घेता येणार नाही तुम्हाला,” मी म्हणाले. आणि हे बोलताना माझ्याच लक्षात आलं की आता तिथे दुसरं कोणी उरलं नाही.

मला जायचं नव्हतं. त्या खोलीत त्या धुराला सगळ्यांत जास्त मीच घाबरत होते, कारण तो आत गेल्यावर काय करतो ते मी भिंगाखाली पाहिलेलं होतं. टाकी थंड होईपर्यंत त्या बंद खोलीत बसून राहावं, एवढंच मला हवं होतं. पण माझ्यासमोर एक माणूस उभा होता, आणि मी नाही म्हटलं असतं तर तो दारापर्यंत पोचला असता.

“झोपा,” मी म्हणाले. “आधी झोपा. मग जाते.”

तो झोपला. सिस्टरनी ऑक्सिजनचं नळकांडं ओढून आणलं आणि त्याच्या नाकाला नळी लावली. “परत या पण,” तो नळीमागून म्हणाला. “मला सांगा काय झालं ते. नायतर मला कळणार कसं?”

मास्क रबराच्या वासाचा आणि माझ्या चेहऱ्याला मोठा होता. सिस्टरनी पट्टे आवळले, डोक्यावरून मांजरपाटाचा ओला कपडा गुंडाळला. दार किलकिलं करून मला बाहेर ढकललं आणि लगेच लावून घेतलं.

मागचं फाटक उघडंच होतं, राखणदार पळाला होता. उतरणीवर धूर गुडघ्याएवढा होता, पुढे कमरेएवढा झाला. पाखाडीत माणूस दिसत नव्हतं. एका अंगणात कोंबड्या आडव्या पडल्या होत्या. यशवंतनं सांगितलं होतं, फणसाचं झाड, निळं दार. निळ्या दाराच्या उंबऱ्याशी ओलं गोणपाट दाबलेलं होतं. मी दारावर थापा मारल्या.

आतून बाईचा आवाज आला, “कोण?”

मी ओरडले, पण मास्कमधून शब्द बाहेर पडेनात. तिनं फटीतून पाहिलं असावं, कारण ती किंचाळली. मी मास्क वर केला. “यशवंतनं पाठवलंय! दार उघड!” तेवढ्यात घशात आग उतरली.

तिनं दार उघडलं. सुगंधा माझ्याच वयाची असेल. नाकातोंडाला पदर बांधलेला. आत चुलीजवळच्या बाजेवर म्हातारा पडलेला, उजव्या हातानं बाजेची कड घट्ट धरून. ती एकटी पळू शकली असती. आजूबाजूची सगळी पळाली होती.

“ते कुठायत?” तिनं विचारलं.

“दवाखान्यात. बरे आहेत. चादर आण, जाडी.”

आम्ही म्हाताऱ्याला चादरीत घेतलं. त्याला वाटलं असणार की कोणी तरी भूत आपल्याला न्यायला आलंय. त्यानं उजव्या हातानं माझ्या डोक्यावरचा कपडा ओढला आणि मला एक घाणेरडी शिवी घातली. मग प्रत्येक पावलाला तीच. सुगंधा डोक्याकडून, मी पायांकडून. मागच्या दारानं बाहेर पडलो तेव्हा पायवाट धुरात बुडालेली होती. सुगंधा पाठमोरी चढत होती, पायांनी वाट चाचपत. अर्ध्यावर ती खोकायला लागली आणि थांबेचना. चादरीचं टोक तिच्या हातातून सुटत होतं. मी मास्क काढून तिच्या तोंडावर बसवला. दुसरं काय करणार होते? ती पडली असती तर तिघंही तिथेच राहिलो असतो.

तिथून वरपर्यंत मी ओल्या कापडातून श्वास घेतला. एखादं ओझं घेऊन चढ चढताना माणूस किती हवा ओढतो, हे मला आकड्यांत माहीत होतं. तेव्हा मला आकडे आठवले नाहीत. फक्त जिभेवरची लोखंडाची चव आठवते.

सड्यावर वारा होता. खाली सगळी पाखाडी तपकिरी दिसत होती, वर आभाळ निळं. करवंदीच्या जाळीशेजारच्या कातळावर आम्ही म्हाताऱ्याला ठेवलं. सुगंधा उलटी करत बसली. मी तिला म्हटलं, “हलू नकोस इथून. त्यांना पण हलवू नकोस. लोक येईपर्यंत बसून राहा.” तिच्याकडून मास्क घेतला आणि परत निघाले.

“त्यांना सांगा, आम्ही बरे हाव,” ती मागून म्हणाली.

परत येताना मी चालत आले, धावले नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

यशवंत जसा सोडला होता तसाच पडलेला होता, डोळे छताकडे. मी आत आल्यावर त्यानं मान वळवली नाही, नुसती बुबुळं फिरवली. सिस्टर म्हणाल्या, “एकदाच डोळा पुसायला हात उचलला, तो पण मला विचारून.”

“सड्यावर आहेत दोघं,” मी म्हणाले. “करवंदीच्या जाळीशी, कातळावर.”

“खरं?”

“खरं.”

“मी पडून राहावं म्हणून खोटं नाय ना बोलत?”

“तुमच्या बाबांनी मला शिव्या घातल्या,” मी म्हणाले. “एकच शिवी. सबंध वाटभर.”

“कुठली?”

सिस्टर समोर होत्या, तरी मी सांगितली. यशवंतचा चेहरा उजळला. “मग बाबाच. झटका आल्यापासून तेवढा एकच शब्द शिल्लक हाय त्यांच्याकडं. पाणी पायजे तरी तोच, भूक लागली तरी तोच.” तो हसायला लागला, हसण्यातून खोकला आला आणि सिस्टरनी त्याच्या ओठांना लावलेल्या कापसावर गुलाबी फेस आला. तो त्यानं पाहिला. आम्हीही.

मग मी खोकले.

“मास्क होता ना तुमच्याकडं?” त्यानं विचारलं.

“सुगंधाला दिला होता, वाटेत.”

त्यानं डोळे मिटले, उघडले. “सिस्टर, दुसरा पलंग ओढा,” तो म्हणाला. “झोपा मॅडम. आता तुम्ही पण हलायचं नाय.”

अशी आमची दुपार गेली. दोन पलंग, मध्ये एक स्टूल, त्यावर ऑक्सिजनचं एकच नळकांडं. सिस्टरनी नळी माझ्याकडे आणली तेव्हा मी मान हलवली. त्याला जास्त गरज होती. बाहेर जायचं तर धूर, आत राहायचं तर छातीत काय चाललंय त्याच्याकडे कान लावून पडायचं. मी माझा प्रत्येक श्वास ऐकत होते. कुठे तडतडतंय का? कुठे पाणी साचतंय का? माझ्या पिंजऱ्यातली ती जनावरं, हलायला जागा नसलेली, अशीच डोळे उघडे ठेवून पडायची. त्यांना कळत नव्हतं कशासाठी. आम्हाला कळत होतं, आणि त्यानं काही सोपं होत नव्हतं.

“मॅडम,” तो मध्येच म्हणाला, “उंदरांना किती वेळानं समजायचं? जगणार का ते?”

“बोलू नका.”

“ओठ हलवतोय, बाकी काय नाय.”

“एक रात्र गेली की समजायचं.”

“मग रात्र मोठी हाय अजून.” आणि थोड्या वेळानं, “तुम्ही घाबरलात?”

“हो.”

“मी पण.”

सिस्टर खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होत्या. मध्ये उठून त्या आमच्या दोघांच्या कपाळावरचा घाम पुसत आणि पुन्हा बसत.

ऊन कलल्यावर वारा फिरला. बंबवाल्यांनी दार ठोकलं तेव्हा यशवंतचे ओठ जांभळे झाले होते आणि तो दर श्वासाला खांदे उचलत होता. चालत यायचा आग्रह त्यानं केला नाही. स्ट्रेचरवर घेतानाही त्यानं अंग सैल सोडलं, कोणाला हात दिला नाही, की काही धरलं नाही. रुग्णवाहिकेत आम्ही शेजारी होतो. गाडी सड्याच्या बाजूनं वळली तेव्हा त्यानं मला डोळ्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, “इथेच, वर.”

जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी जीव तोडून केलं. मी पडदा ओढलेल्या पलंगावरून सगळं ऐकत होते. सकाळी वॉर्डात चहाची किटली फिरत असताना यशवंत गेला. फुफ्फुसं सावरत होती, असं नंतर मला सांगितलं गेलं. हृदय थांबलं.

माझ्या छातीत पाणी झालं, पण उतरलं. मी त्याच्यानंतर धुरात गेले, चढ चढले, ओझं वाहिलं. तो पडून राहिला. मी वाचले. पुढची सगळी वर्षं मी याच प्रश्नावर काम केलं. विद्यार्थ्यांनी केलं, त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं. आता आम्हाला पूर्वीपेक्षा पुष्कळ कळतं. टाकीपाशी मोरेला ओढताना यशवंतच्या आत किती धूर गेला होता, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही.

मी अजून वॉर्डातच होते तेव्हा सुगंधा आली. कपाळ मोकळं होतं. ती पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. पाखाडीतली कोणी नातेवाईक बाई सोबत होती, ती बाहेरच थांबली.

“सिस्टर सांगत होत्या, ते अजिबात हलले नायत,” ती म्हणाली.

“नाही हलले.”

“तुम्ही सांगितलं म्हणून?”

“मी गेले म्हणून. तसं ठरलं होतं आमचं.”

तिनं मान डोलावली. “घरी आले असते तर?”

हे ती विचारणार हे मला माहीत होतं. “वाटेतच गेले असते,” मी म्हणाले. “चढावर. तुझ्यासमोर.”

“आणि नाय आले, तरी गेले.”

“हो.”

खिडकीबाहेर कोणीतरी बादली आपटली. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल, आणि मला दोन्ही चाललं असतं.

“जेवायलासुद्धा एका जागी बसायचे नायत ते,” ती म्हणाली. “ताट हातात घेऊन अंगणात फिरायचे. फणसाखाली दोन घास, गोठ्यात दोन घास. मी मागनं भात वाढत जायची. सबंध दिवस पडून राहिले म्हणता...” तिनं हात उचलून काहीतरी दाखवलं, पलंगाची लांबी असेल, आणि हात परत मांडीवर ठेवला. “कसे राहिले असतील हो?”

बाहेरच्या बाईनं हाक मारली, एसटीची वेळ झाली होती. सुगंधा उठली, पदर नीट केला.

“बाबा एकटे हायत,” ती म्हणाली आणि गेली.